मिनतीचा मार्गशीर्ष

नांदेडच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या, चाकवताच्या जुड्या दिसायला लागल्या, की माझा हात आपोआप ज्वारीच्या पिठाच्या डब्याकडे जातो. मातीच्या भांड्यात पीठ ताकात कालवायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि ओट्याच्या कोपऱ्यात आंबायला ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की जिन्यापर्यंत तो आंबूस वास जातो. शेजारच्या बाई विदर्भातल्या. त्या दरवर्षी हळूच विचारतात, "काही नासलंय का हो तुमच्याकडे?"

"नासलं नाही. येळवस आली," मी सांगते.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातली. लातूरकडच्या माणसाला तिच्याबद्दल काही सांगावं लागत नाही, आणि बाकीच्यांना कितीही सांगितलं तरी पुरेसं होत नाही. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात. घरांना कुलपं लागतात, दुकानं बंद, रस्त्यावर माणूस दिसत नाही. शेतात कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, आणि मग तुरीचे दाणे, चाकवत घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, गारेगार आंबील. गडीमाणसं आरोळी देत पिकावर आंबील शिंपडत शेताभोवती फिरतात. ती आरोळी कानडी आहे म्हणे. आमच्या गावात तिचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, पण पिढ्यान् पिढ्या सगळे ती बेंबीच्या देठापासून देतात. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही त्या दिवशी हाक मारायची असते. ओळखीचा असो, नसो. "या पाव्हणं, आंबील घेऊन जावा."

हे सगळं मला इतकं आवडतं, की त्याच दिवसाची एक आठवण नको वाटते. पण ती पिठाबरोबरच आंबत येते. थंडी पडते, शाळू पोटऱ्यात येतो, आणि मला मिनती दिसायला लागते.

तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. मी निलंग्याच्या एका शाळेत शिकवत होते आणि रोज गावाहून एसटीनं जाऊन येऊन करत होते. आमच्या भिंतीला भिंत लागून गयाकाकूचं घर. गयाकाकू माझी चुलत चुलती, लवकर विधवा झालेली. तिचा एकुलता एक मुलगा व्यंकटदादा. शेत होतं, बैलजोडी होती, स्वभाव तर असा की गोठ्यातल्या वासरावरही त्यानं कधी आवाज चढवला नसेल. पण चाळिशी आली तरी लग्न जमेना. आजकाल शेतकऱ्याला कोण मुलगी देतं? तीन-चार ठिकाणी बघून झालं, मुली नाही म्हणाल्या. एकीनं तर "मुलगा काय करतो" असं विचारून "शेती" हे उत्तर ऐकल्याबरोबर चहाचा ट्रे घेऊनच आत पाऊल वळवलं. व्यंकटदादा हे हसत सांगायचा. हसून झाल्यावर मात्र बराच वेळ बैलांकडे बघत बसायचा.

त्या वर्षी सोयाबीनची रास झाली आणि दसऱ्यानंतर तो कुणा मध्यस्थाबरोबर रेल्वेनं निघून गेला. आला तो बायको घेऊनच. ओडिशातली मुलगी. सावळी, बारीक हाडाची, कपाळ मोठं. एसटीतून उतरली तेव्हा सगळा स्टँड तिच्याकडे बघत होता आणि ती पायातल्या चपलांकडे.

"नाव काय गं पोरी?" गयाकाकूनं भाकरतुकडा ओवाळून टाकत विचारलं.

"मिनती."

"मिनती? हे काय नाव हाय का? मिनतवारी केल्यावानी वाटतंय. मीना म्हणा हिला." आणि ती मीना झाली. आमच्याकडे लग्नात नाव बदलायची रीतच आहे, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नंतर त्या एका गोष्टीनं केवढा घात केला!

तिच्या येण्याआधी काही महिने पलीकडच्या एका गावात अशीच परराज्यातून आणलेली नवरी आठवड्याच्या आत दागिने घेऊन पसार झाली होती. आमच्या गावानं मिनतीला बघितलं ते त्या पळून गेलेल्या नवरीच्या डोळ्यांनी. बायका हापशावर तिच्यासाठी जागा सोडायच्या, पण बोलायच्या नाहीत. "चार दिसाची पाव्हणी हाय," असं तिच्या समोरच म्हणायच्या, कारण तिला कळत नव्हतं. माझे धाकटे चुलते, माधवकाका, हे भावकीतलं वजनदार माणूस. त्यांनी गयाकाकूला सांगून ठेवलं, "वैनी, डागदागिने तिच्या अंगावर ठिवू नका. आन् शेतात जाताना बाहेरून कडी लावत जावा. म्यां कंडक्टरलाबी सांगून ठिवलंय, एकटी दिसली तर बसू देऊ नगंस म्हणून."

गयाकाकू कडी लावायची. लावताना तिचं तोंड उतरलेलं असायचं, पण लावायची.

आणि मिनती संध्याकाळी सगळे घरी आले की रोज स्टँडच्या चिंचेखाली जाऊन उभी राहायची. निलंग्याची गाडी यायची, माणसं उतरायची, गाडी निघून जायची, मग ती घरी परतायची. मी त्याच गाडीनं येत असे. उतरल्यावर ती माझ्याकडे बघून थोडं हसायची आणि माझ्या मागं कोण उतरतंय ते बघायची.

"पळायचं बघायली ती," गावात बोललं जायचं. "गाडीचा टाइम पक्का करायली."

एकदा मी तिला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, तू रोज इथं कशाला येतेस? तिचीही हिंदी तशीच. म्हणाली, "भाई आएगा. धान काटके आएगा. बोला है."

धान कापणी झाली की भाऊ येणार होता. एवढंच. मी ते घरी सांगितलं, हापशावर सांगितलं. एक बाई म्हणाली, "असंल बाई. भाऊच असंल." आणि बाकीच्या हसल्या.

मार्गशीर्ष लागला. पहिल्या गुरुवारी आमच्याकडेही घरोघरी लक्ष्मीचा कलश मांडतात. मी पहाटे अंगणात सडा टाकायला बाहेर आले तर शेजारची भिंत ओळखू येईना. तांदूळ वाटून, त्याचं पातळ पीठ करून मिनतीनं नुसत्या बोटांनी दारापासून खिडकीपर्यंत चित्रं काढली होती. धानाच्या लोंब्या होत्या, कमळं होती, मधे ठिपक्यांच्या रांगा, आणि उंबऱ्याकडे येणारी इवलीइवली पावलं. पीठ अजून ओलं होतं. भिंत शेणानं सारवलेली, त्यावर ते पांढरं असं उमटलं होतं की मी बादली खाली ठेवली आणि बघतच राहिले. मिनती बोटं पुसत उभी होती. "लक्ष्मी," ती म्हणाली. "आज गुरुबार. लक्ष्मी आएगी."

त्यांच्याकडेही मार्गशीर्षातल्या गुरुवारीच लक्ष्मी येत होती तर. मला इतका आनंद झाला, की आईला उठवायला मी आत धावले.

आई येईपर्यंत समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या होत्या. ऊन वर येईस्तोवर भिंतीसमोर गर्दी. कुणी म्हणालं, भानामती. कुणी म्हणालं, टोळीवाले अशाच खुणा करून ठेवतात, कुठल्या घरात काय हाय ते सांगायला. माधवकाकांनी वाकून पावलं निरखली. "लक्ष्मीची पावलं म्हणं. कुणीकडं जायलीत बघा की. आत यायलीत का बाहीर?"

पावलं आत येत होती. बोटं उंबऱ्याकडे होती, कुणालाही दिसत होतं. मी तसं म्हणाले. आई म्हणाली, "आवो, आपल्याबी घरात आज लक्ष्मीच मांडायची हाय." पण गर्दी एकदा जमली की तिला घरी जाण्याआधी काहीतरी झालेलं हवं असतं. शेवटी गयाकाकूनंच शेणाचा गोळा घेतला आणि भिंत पुन्हा सारवली. मिनती बघत होती. काय चाललंय ते तिला समजलं नसावं असं मला क्षणभर वाटलं, पण तिनं पुढं होऊन सासूच्या हातातला गोळा घेतला आणि उरलेली भिंत स्वतः सारवली. पावलं तिनंच पुसली.

त्या दिवशी गयाकाकू जेवली नाही. व्यंकटदादा शेतातून आला, त्यानं भिंत बघितली. दुसऱ्या दिवसापासून दाराला बाहेरून कडी लागली नाही. कडीच नव्हती दाराला; रात्रीतून त्यानं ती उपटून टाकली होती.

आता मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. वर्गात कधी एखादी जुनी कादंबरी लावलेली असते. तिच्यात असा कुणी वेगळा, एकटा, बाहेरून आलेला माणूस असतो. गाव त्याला चोर ठरवतं, वेडा ठरवतं, आणि शेवटी तो सगळ्यांत निर्मळ निघतो. मुलं तावातावानं बोलतात. मागं एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या गावातल्या लोकांना कळत कसं नाही? वाचताना तर आपल्याला लगेच कळतं."

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर वेगळं आहे. वाचणाऱ्याला कळतं, कारण लिहिणाऱ्यानं त्याला त्या माणसाच्या घरात नेऊन बसवलेलं असतं. गावातलं कुणी मिनतीच्या घरात जाऊन बसलंच नाही. बसले असते तर त्यांना दिसलं असतं, की ती भाकरी थापायला शिकत होती आणि तिच्या भाकरीला नेहमी एका बाजूनं भोक पडायचं. व्यंकटदादा ते भोक डोळ्याला लावून तिच्याकडे बघायचा आणि ती तोंडाला पदर लावून हसायची.

येळवशीच्या आदल्या दिवशी गयाकाकूनं आंबिलीच्या भांड्याचं फडकं सोडलं. मी वाटी मागायला गेले होते. वास उठला तशी मिनती चुलीपासून उठून आली. भांड्यात वाकली. तिनं डोळे मिटले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं, भराभर, तिच्या भाषेत काहीतरी बोलायला लागली. "पखाळ, पखाळ" एवढा एक शब्द मला कळला. मग हातवारे करून तिनं सांगितलं, की त्यांच्याकडे भात असाच पाण्यात आंबवतात, उन्हातान्हात तेच खातात, तिची आई करते, असाच वास.

गयाकाकूनं पळीभर आंबील वाटीत काढून तिच्यापुढं धरली. मिनती प्यायली. मिशा उमटल्या वरच्या ओठावर.

"आवडलं का गं, मीने?"

"हाव," मिनती म्हणाली. अगदी आमच्यासारखं. गयाकाकू हसता हसता रडायला लागली आणि मला म्हणाली, "शालू, उंद्या बिंदगं हिच्याच डोक्यावर देणार बघ म्यां. घरच्या लक्ष्मीनंच न्यायचं असतंय."

दुसऱ्या दिवशी आंबिलीचं बिंदगं, तोंड बांधलेली ती मातीची घागर, खरंच मिनतीच्या डोक्यावर होतं. बांधाबांधानं सगळं गाव चाललेलं, कुणाच्या डोक्यावर भज्जीचं पातेलं, कुणाच्या खांद्यावर लेकरू. हरभरा घाट्यांवर आलेला, करडईला काटे फुटलेले, हवेत गारवा. आमची आणि व्यंकटदादाची शेतं लागून, त्यामुळे कोप एकच. पूजा झाली. पहिली पंगत बसली. माधवकाका जेवायच्या आधी गावात परत गेले, कारण आंबील शिंपडताना पांघरायची घोंगडी घरीच राहिली होती. येळवशीला गाव ओस पडतं म्हणून चोऱ्या होतात. त्यामुळे दरवर्षी चार-दोन तरुण मोटारसायकलींवर गावात गस्त घालत असत. त्यांच्यासाठी आईनं काकांजवळ जेवण बांधून दिलं.

माझ्या पानात खीर वाढली होती तेव्हा बांधावरून ओरडा ऐकू आला. "चोर घावला! गावात चोर घावलाय!"

माणसं पानावरून उठली. मीही उठले. व्यंकटदादा पुढं पळत होता, मागून मी, मागून मिनती. का पळतोय हे तिला माहीत नव्हतं. सगळे पळाले म्हणून तीही पळाली.

स्टँडवर चिंचेला दोरीनं बांधलेला एक पोरगा होता. विशीतला असेल. शर्ट फाटलेला, डाव्या कानातून रक्त मानेवर उतरलेलं. हात बांधलेले असूनही त्यानं ते नमस्कारासारखे जोडून धरले होते. "दीदी," तो म्हणत होता. "मिनती दीदी."

काय घडलं ते नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. तो रेल्वेनं नांदेडला उतरला, तिथून एसटीनं निलंग्याला, तिथून आमच्या गावाला. येताना ओस पडलेलं गाव बघून गोंधळला असणार. मोबाइलची बॅटरी वाटेतच संपलेली. घरोघरी कुलपं बघत, खिडक्यांतून हाका मारत तो फिरत होता, तेव्हा गस्तीच्या पोरांनी त्याला धरला. कोण तू, कुणाकडे आलास? तो म्हणाला, मिनतीकडे. पोरं म्हणाली, या गावात मिनती नावाचं कुणी न्हाई. आणि ते खरंच होतं. आम्ही मिनती नावाचं कुणी ठेवलंच नव्हतं. तेवढ्यात घोंगडी घेऊन माधवकाका तिथं पोचले. "खोटं बोलतो का?" म्हणून पहिली चपराक त्यांचीच. ती कानावर बसली. मग पोरांचे हात सुटले; दाजीचं नाव सांगायलाही त्याला सवड मिळाली नाही.

त्याची पिशवी रस्त्यावर उलटी केलेली होती. एक नवी साडी, सुक्या मासळीची पुडी आणि फडक्यात बांधलेले घरचे नवे तांदूळ. फडकं सुटून तांदूळ धुळीत सांडले होते. मासळीच्या वासानं लोक नाकाला हात लावत होते आणि "हे बघा, कायतरी करणीचंच हाय," असं कुणीतरी म्हणत होतं.

मिनती गर्दीतून पुढं आली. ती ओरडली नाही. भावाजवळ गेली, त्याच्या मानेवरचं रक्त पदरानं पुसलं, पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. व्यंकटदादा दोरीची गाठ सोडत होता. ती निघेना म्हणून त्यानं दातांनी ओढली.

"अरे, पर भाऊच हाय कशावरून?" मागून एक आवाज आला.

गयाकाकू धापा टाकत नुकतीच पोचली होती. ती वळली. "तोंडं बघ की दोघांची! दिसंना का तुला? एका आईची हायत ती. आंधळ्यालाबी दिसंल."

मग सगळ्यांनी बघितलं. तेच मोठं कपाळ. तेच खाली वळलेले डोळे. गर्दी एकेक पाऊल मागं सरकली. गस्तीची पोरं मोटारसायकली ढकलत, सुरू न करताच, निघून गेली. मिनती खाली बसली आणि धुळीतले तांदूळ वेचायला लागली. मीही बसले. गयाकाकू बसली. कितीतरी वेळ आम्ही तिघी नुसते तांदूळ वेचत होतो.

माधवकाका चिंचेखाली उभे होते. खांद्यावर घोंगडी तशीच. वाईट माणूस म्हणून मी त्यांना इथं लिहीत नाही. लातूरच्या भूकंपाच्या वेळी ते तरुण होते, मातीच्या ढिगाऱ्याखाली कंबरेपर्यंत गाडले गेले होते. त्यांना बाहेर काढणारा जवान कुठल्या मुलखातला होता, काय बोलत होता, त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. "तो बोलायचा, म्यां रडायचो," हे त्यांनी आम्हाला लहानपणी कितीदा सांगितलं असेल. आमचं नवं गावच परक्यांनी येऊन उभं केलेलं. पत्रे, चादरी, शिजवलेला भात, सगळं अनोळखी हातांनी दिलेलं. त्याच माणसाचा हात त्या दिवशी अनोळखी पोराच्या कानावर पडला. हे दोन्ही एका माणसात कसं राहतं, मला अजून उलगडत नाही.

येळवशीच्या संध्याकाळी शेतांतून पेटते पेंढे फिरवतात; त्या दिवशी आमच्या शिवारात कुणी फिरवले नाहीत. आंबील भांड्यात तशीच राहिली.

मिनतीच्या भावाला आधी निलंग्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून लातूरला. बाकीच्या जखमा भरल्या. डाव्या कानाचा पडदा गेला होता. त्या कानानं आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोलीस आला होता. तक्रार द्यायची का, त्यानं विचारलं. मिनतीनं भावाला त्यांच्या भाषेत सांगितलं, त्यानं मान हलवली. नाही. व्यंकटदादानं तिला विचारलं, का नाही म्हणाला? मिनती म्हणाली, "बोलता है, दीदी को उधर रहना है."

बहिणीला त्याच गावात राहायचं आहे म्हणून त्यानं तक्रार दिली नाही.

ती राहिली नाही. बरा झाल्यावर त्याला गाडीत बसवून द्यायला ती आणि व्यंकटदादा नांदेडला गेले. निघताना तिनं गयाकाकूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तेव्हाच गयाकाकूला कळलं असणार. फलाटावर गाडी लागल्यावर मिनती भावाबरोबर आत चढली. व्यंकटदादानं मला नंतर सांगितलं, "म्यां म्हणलं, उतर की. ती म्हणली, तुम अच्छा है. माँ अच्छी है. लेकिन उधर मैं नहीं सकती. तुम आना. शालू, हात धरून उतरवलं असतं तर उतरली असती ती. म्हणून हात लावला न्हाई."

मंगळसूत्र तिच्या गळ्यातच होतं. गयाकाकूनं येळवशीला तिच्या अंगावर घातलेली बोरमाळ आणि पाटल्या ती निघायच्या आधीच देव्हाऱ्यात ठेवून गेली होती.

गावाला हे सांगून काही उपयोग झाला नाही. "गेली ना? आमी म्हणलोच होतो," एवढंच गावाचं म्हणणं. जणू गाव शेवटी बरोबरच ठरलं. हापशावर कुणीतरी तसं बोललं तेव्हा गयाकाकूनं भरलेली घागर खाली ठेवली. "माझी सून पळून गेली न्हाई. तुमी हाकलली तिला. आन् म्यांबी हाकलली, कडी लावून." एवढं बोलून ती घागर न उचलताच घरी आली. पुढं कित्येक दिवस ती हापशावर गेली नाही. आमच्या घरून पाणी नेई.

व्यंकटदादा दरवर्षी रास झाली की ओडिशाला जायचा, महिनाभर राहून परत यायचा. बायकोनं मोहिनी घातलीय म्हणून गाव हसायचं. त्याला तिथं राहायचं होतं, पण आई इथं. मिनतीनं कधी त्याला आईपासून तोडलं नाही. शेवटच्या दुखण्यात गयाकाकूला दिसेनासं झालं होतं, तेव्हा ती रोज फोन कानाला लावून पडायची आणि पलीकडून मिनती बोलायची. मराठी, हिंदी, तिची भाषा, सगळं एकात एक. गयाकाकू मधूनमधून "हाव, हाव" करायची. दोघींना एकमेकींचं किती कळायचं कोण जाणे. गयाकाकू गेली तेव्हा मिनती यायला निघाली होती, पण वाटेतच तिला निरोप मिळाला. ती येऊन दहावा-तेरावा करून गेली. त्या दिवसांत गावातल्या बायका आळीपाळीनं डाळभात घेऊन आल्या. मिनतीनं प्रत्येकीला बसायला पाट दिला. कुणी माफी मागितली नाही, आणि तिनंही माफीची वाट बघितली नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर व्यंकटदादानं शेत माझ्या भावाला बटईनं लावून दिलं आणि तो तिच्याकडे गेला.

यंदाही येळवशीला मी नांदेडहून गावी गेले. थंडी चांगली होती. तुरीच्या शेंगा टचटचीत भरलेल्या. कोपीत पूजा झाली, पंगत बसली. माधवकाका आता थकलेत. काठी टेकत बांधापर्यंत आले होते. मी व्यंकटदादाला फोन लावला. येळवशीला त्याचा जीव इकडे असतो हे मला माहीत आहे.

"कोप कुणी घातली?" त्यानं विचारलं. "भज्जीत चाकवत टाकला का? हरभरा कसा हाय?" मग म्हणाला, "हितं मला समदे भिणोई म्हणत्यात. म्हंजी दाजी. पाक सगळ्या गावाचा दाजी झालाव म्यां." तो हसला. मागून मिनतीचा आवाज आला, कुणाला तरी हाक मारत असलेला.

माधवकाकांनी हात पुढं केला. "दे इकडं."

मी फोन दिला. काकांनी तो कानाला लावला. पलीकडून व्यंकटदादा "कोण? कोण बोलायलंय?" म्हणत असलेलं मला ऐकू येत होतं.

"म्यां हाय. माधव." ते बांधावर टेकले. "बरा हाईस का? बरं, ते... तिचा भाऊ. कसा हाय?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"लगीन झालं का त्याचं? बरं. बरं." काकांची बोटं काठीवर फिरत होती. पंगतीतली माणसं जेवायची थांबली होती. "व्यंकट, एक इचारू का? नाव काय रे त्याचं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत या शिवारात कुणीच त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. तो पोरगा, तिचा भाऊ, त्या दिवशीचा तो. मीही असंच म्हणत आले होते.

व्यंकटदादानं नाव सांगितलं. काकांनी फोन कानापासून थोडा दूर धरला आणि आमच्या सगळ्यांकडे बघितलं.

"सुदाम," ते म्हणाले. "आपल्यातलंच नाव हाय की हे."